परदेशी जाणारे पीक आणि कुणब्याचे घर

मुंबई बंदरातून विलायतेस किती कापूस गेला हे ज्यास पाहावयाचे असेल त्यास जकातखात्याच्या वह्यांत वर्षवार आकडे सापडतात. कोणत्या साली किती गासड्या चढल्या, खंडीस काय भाव आला, ह्याचा हिशेब बहुधा चोख असतो. परंतु ज्या घरच्या माणसांनी तो कापूस वेचला, त्या घरी त्या वर्षी ज्वारी किती महिने पुरली, लेकीचे लग्न कोणाच्या पैशाने झाले, आणि वर्षअखेर सावकाराच्या वहीत घरधन्याच्या नावावर किती बाकी निघाली, हे त्या वह्यांत लिहिलेले नाही. ते जाणावयाचे तर कोणी तरी त्या घरी जाऊन बसले पाहिजे. आपल्या दख्खनच्या मुलुखात ह्या कामासाठी घरोघर कोण गेले, केव्हा गेले, काय विचारून आले आणि काय विचारावयाचे राहून गेले, ह्याचा थोडासा इतिहास ज्युबिलीच्या ह्या अंकात वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

धर्मग्रामातील वाचकांस घराघराची वही ही कल्पना नवी नाही. इ.स. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने धर्मगुरूंस आपापल्या धर्मग्रामातील कुटुंबांची वही ठेवावयास सांगितले होते. लॅटिनमध्ये तिचे नाव 'स्तातुस आनिमारुम', म्हणजे 'आत्म्यांची स्थिती' असे आहे. घरात माणसे किती, त्यांची वये काय, कोणास कोणते संस्कार मिळाले, हे तीत येई. घरावर कर्ज किती हे मात्र तीत येत नसे. ती वही निराळी, आणि ती दुसऱ्याच्या पेटीत असे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. इ.स. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, आणि दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांस लागणारा कापूस एकाएकी बंद पडला. गिरणीवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव तीन-चार वर्षांत चौपटीच्या घरात गेला. ह्या पाच वर्षांत मुंबईस नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड अधिक मिळाले, असा त्या काळचा अंदाज सांगतात. शहरातील व्यापाऱ्यांनी गावोगावच्या सावकारांस पैसा पुरविला, सावकारांनी तो कुणब्यांपुढे ओतला. ज्यास पूर्वी दहा रुपये मागतानाही ओटीवर ताटकळावे लागे, त्यास आता सावकार स्वतः होऊन घरी बोलावू लागला. पीक अजून उभे राहावयाचे असता त्यावर उचल मिळू लागली.

ह्याच धामधुमीत एक कायदा झाला, त्याची आठवण येथे मुद्दाम ठेवावी. परदेशी जाणाऱ्या कापसात सरकी, माती व पाणी मिसळून वजन वाढविण्याची लबाडी फार वाढली, म्हणून मुंबई सरकारने इ.स. १८६३ मध्ये कापसाच्या भेसळीविरुद्ध कायदा केला आणि गासड्या तपासण्यास अंमलदार नेमले. म्हणजे माल पाहण्यास सरकारी माणूस त्याच वर्षी आला. माल पिकविणाऱ्याचे घर पाहण्यास माणूस येण्यास आणखी १२ वर्षे गेली, आणि तोही आग लागल्यावर आला.

इ.स. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. भाव कोसळले. मुंबईत बॅक बेच्या शेअरांचा फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेचे दिवाळे निघाले. मुंबईची ही कथा पुष्कळांनी लिहिली आहे, तिच्यात आपण गुंतावयास नको. घाटावर काय झाले ते पाहू. व्यापाऱ्यांनी सावकाराकडील पैसा आखडला, सावकाराने कुणब्यास उचल देणे बंद केले आणि जुनी येणी मागावयास सुरुवात केली. इकडे सारावाढही आली. गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी इंदापूर तालुक्यापासून आरंभिलेल्या जमाबंदीची ३० वर्षांची मुदत संपत आली होती. १८६७ पासून फेरजमाबंदी सुरू झाली, आणि युद्धाच्या तेजीतले भाव मनात धरून सारा कित्येक ठिकाणी निम्म्याने, कोठे कोठे दुपटीवर वाढविण्यात आला. भाव उतरले होते, सारा चढला होता.

ह्यात भर पडली ती मुदतीच्या कायद्याची. रोख्याची मुदत ३ वर्षांहून अधिक असू नये, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, ह्या सद्हेतूने १८५९ साली हा कायदा झाला. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार कुणब्यास बोलावी, मुद्दल व व्याज एकत्र करून तितक्या रकमेचा नवा रोखा लिहून घेई, आणि त्या नव्या रकमेवर पुन्हा व्याज चाले. कुणब्यास वाचता येत नसे. मध्यंतरी त्याने घातलेले धान्य, दिलेले रोख पैसे, ह्यांची पावती मिळत नसे. कोर्टात मुन्सफापुढे रोखा बोले, कुणबी बोलत नसे. जे कागद घराचे दैव ठरवीत, त्यांतील एकही कागद घरात नसे.

इ.स. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने तेथील देशमुखांच्या वाड्यावर हुकूमनामा बजावला आणि घर पाडण्यास आरंभ केला. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढील वर्षी १२ मे रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. तेथून दंगा पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ह्या जिल्ह्यांत पसरला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, लोकांनी बहुतेक ठिकाणी माणसांच्या जिवावर हात टाकला नाही. त्यांनी रोखे व हिशेबाच्या वह्या मागितल्या, आणि मिळताच जाळल्या. जेथे कागद मुकाट्याने हाती आले तेथे जमाव बहुधा तसाच परत फिरला. लष्कर आले, सुमारे साडेनऊशे माणसे पकडली गेली.

मग सरकारने चौकशीचे कमिशन नेमले, आणि येथे आपल्या विषयास खरा प्रारंभ होतो. 'दख्खन रायट्स कमिशन' ह्या नावाने ते प्रसिद्ध आहे. कमिशनने अंमलदारांच्या साक्षी घेतल्या, भाव व साऱ्याचे तक्ते मागविले, हे तर कोणतेही कमिशन करते. परंतु त्याने आणखी एक गोष्ट केली. नगर जिल्ह्यातील १२ गावे निवडून तेथील खातेदारांच्या कर्जाची खातेवार मोजणी करविली. कर्ज किती, कशावर काढले, जमीन गहाण आहे काय, सारा किती, हे पत्रकात भरून घेतले. दख्खनच्या कुणब्याच्या घरात डोकावण्याचा सरकारी पद्धतीचा हा पहिला मोठा प्रयत्न म्हटला तरी चालेल.

त्यातून निघाले ते असे: सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जात रुतले होते, त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या १८ पट होते, आणि कर्जापैकी जवळजवळ दोनतृतीयांश जमिनीच्या गहाणावर होते. आकडे तीन, पण केवढे बोलके! आजवर 'कुणबी उधळ्या आहे, लग्नात पैसा उडवितो' असे जे सरसकट बोलले जाई, त्यास ह्या पत्रकाने पुष्कळसा आळा घातला. लग्नखर्चाचा भाग आहे, पण तो मुख्य नाही, असेच कमिशनलाही म्हणावे लागले.

तथापि ह्या पाहणीचे दोषही उघडपणे सांगितले पाहिजेत. पहिला दोष हा की, दंगा झालेल्या तालुक्यांत कापूस फारसा पिकत नव्हता. कापसाचा खरा मुलूख खानदेश व वऱ्हाड. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ ह्यांनी १९७२ साली ह्याच मुद्द्यावर बोट ठेवले, आणि कापसाच्या तेजीमंदीने दंगा झाला हे मत डळमळीत केले. माझ्या मते ह्यात अर्धे सत्य आहे. नगर-पुण्याच्या कुणब्याच्या शेतात कापूस नसेल, परंतु कापसाचा पैसा त्याच्या दारावरून गेला होता. गाडीभाडे वाढले, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळाली, धान्याचे भाव चढले, सावकाराचा हात सैल झाला. निर्यातीचे पीक न लावताही निर्यातीचे कर्ज घरात येऊ शकते. हे दाखवावयास खानदेशातील १२ गावेही तशीच मोजली असती तर किती बरे झाले असते! ती मोजली गेली नाहीत.

दुसरा दोष अधिक खोल आहे. पत्रकात नाव आले ते खातेदाराचे. ज्याच्या नावावर सातबारा नाही (त्या वेळी हा शब्द नव्हता, पण वस्तू होती), त्याचे घर ह्या मोजणीत आले नाही. बलुत्यावर जगणारी कुटुंबे, शेतमजूर, गावाच्या कडेला राहणारे अस्पृश्य समाज, ह्यांचे कर्ज कोणी विचारले नाही. दुष्काळात व मिशनच्या काळात ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्या नगर जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज नेमके ह्याच घरांत होते. आपल्या आजोबा-पणजोबांची बाकी किती होती, हे त्या जाड अहवालात शोधू जाणाऱ्यास बहुधा हात हलवीत परत यावे लागेल. आणि बाईमाणसाचे तर बोलावयासच नको. कापूस वेचणारे हात बव्हंशी तिचे. पत्रकात तिचे श्रम नाहीत, तिच्या अंगावरील गहाण पडलेली पुतळ्यांची माळ नाही.

सरकारी साऱ्याचा दंग्यास कितपत हातभार लागला ह्याविषयी कमिशनात एकमत नव्हते. मुख्य अहवालाने दोष सावकारावर ठेवला. सभासद ऑकलंड कॉल्विन ह्यांनी मात्र स्वतंत्र टिपणात सारावाढीकडे बोट दाखविले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तर दंग्याच्या आधीच, १८७० नंतरच्या दोनतीन वर्षांत, उपसमिती नेमून शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती गोळा केली होती. जोतीराव फुले ह्यांनी १८८३ मध्ये पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात पत्रके नाहीत, पण घराच्या आतले जे दिसते ते कमिशनच्या पानांत क्वचितच दिसते. १८७६ पासून पडलेल्या मोठ्या दुष्काळाने सरकारची झोप आणखी उडाली, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा झाला. रोख्यावरील आकड्यापलीकडे जाऊन मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार कोर्टास मिळाला. दंग्यात जे कागद जाळले गेले, ते खरे की खोटे हे पाहण्याची सोय कायद्याने झाली ती ४ वर्षांनी.

पुढे चाळीसएक वर्षे घरोघर जाऊन बसण्याचे काम जवळजवळ थांबलेच. ते पुन्हा उचलले पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी. हे गृहस्थ मूळचे रसायनशास्त्रज्ञ. हिंदुस्थानात ते प्रथम चहाच्या मळेवाल्यांच्या संघाकडे आले होते, म्हणजे निर्यातीच्या पिकाशीच त्यांचा पहिला संबंध. त्यांनी इंग्लंडातील एका खेड्यातील गरिबीची पाहणी आधी केली होती. तीच रीत त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गावी लावली आणि १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. सरासरी खाते १७७१ मध्ये ४० एकरांचे होते, ते १८१८ मध्ये साडेसतरा एकरांवर आले आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर. १५६ मालकांत जमिनीचे ७२९ तुकडे, त्यांपैकी ४६३ एकराहूनही लहान. १०३ कुटुंबांपैकी ८ केवळ शेतीवर धडपणे उभी होती. २८ बाहेरच्या मजुरीच्या टेक्यावर. उरलेली ६७ बुडीत. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ नसता तर गावाचे काय झाले असते, हे वाचकांनीच ताडावे. आज त्या गावी शेत औषधासही उरले नाही, सर्वत्र उंच इमारती आहेत.

मॅनसाहेबांनी दुसरे गाव घेतले ते शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक. ज्या तालुक्यात १८७४ साली करड्याची ठिणगी पडली होती तोच हा तालुका. कानिटकर नावाचे सहकारी त्यांच्याबरोबर होते, आणि पुस्तक १९२१ मध्ये निघाले. कोरडवाहू गाव, जवळ कारखाना नाही. १४७ कुटुंबांपैकी १२५, म्हणजे शेकडा ८५, जमाखर्चात तोट्यात निघाली. ह्या दोन्ही गावांचा माल आगबोटीवर चढत नव्हता हे खरे; परंतु घर मोजण्याची जी रीत पुढे सर्वांनी उचलली ती ह्या दोन पुस्तकांतून आली. खातेदार न मोजता कुटुंब मोजावे, जमीन, मजुरी व कर्ज हे तिन्ही एकाच पानावर मांडावे, आणि शेवटी एवढेच विचारावे की ह्या घराचे वर्ष निभते की नाही.

हे विचारणे वाटते तितके सोपे नाही. वही-पेन्सिल घेऊन ओसरीवर बसलेला माणूस कोण, ह्याचा घरधनी आधी अंदाज घेतो. तो साऱ्याचा असेल तर उत्पन्न कमी सांगावे. तगाईचा असेल तर कर्ज वाढवून सांगावे. सोयरीक जुळवावयास आलेल्याच्या ओळखीचा असेल तर कर्ज झाकावे. सोने कोणी सांगत नाही. उसनवारीस तर लोक कर्ज म्हणतच नाहीत. म्हणून जाणता पाहणीदार प्रथम पिकाचे विचारतो, मग बैलांचे, मग बियाणे कोठून आणले ते, आणि बियाण्याच्या दुकानावरून हळूच उधारीवर येतो. घरधनी बाजारास गेला असता म्हातारीशी बोललेला अर्धा तास कित्येकदा साऱ्या पत्रकाहून खरा निघतो. दाणे कोणत्या महिन्यात संपतात हे तिलाच ठाऊक असते.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली सबंध देशभर ग्रामीण पतपाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावे, १,२७,३४३ कुटुंबे असा तिचा पसारा होता, आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे तिच्या मार्गदर्शक समितीत होते. शेतकऱ्यास मिळणाऱ्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१ आणि सावकारांचा शेकडा ७० च्या आसपास, हा तिचा निष्कर्ष. करडे-सुप्यास ७५ वर्षे होऊन गेली होती, तरी वही अजून त्याच पेटीत होती.

आता अलीकडच्या काळातील एका पिकाकडे येऊ, कारण कापसाची गोष्ट द्राक्षाने पुन्हा सांगितली आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी व भोवतालचे तालुके युरोपास द्राक्षे पाठवू लागले. त्यासाठी बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये 'महाग्रेप्स' ही संस्था उभी केली. २००३ साली औषधांच्या अवशेषांवरून माल युरोपात नाकारला गेला. त्यानंतर प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी, मण्यांची प्रयोगशाळेत तपासणी, आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढण्याची 'ग्रेपनेट' पद्धत आली. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट ह्या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून कंटेनर अडले, कारण ते औषध तपासावयाच्या यादीतच नव्हते. माल तिकडे बंदरात, आणि औषध, मजुरी, बांबू व तार ह्यांचे देणे इकडे दारात.

१८६३ च्या कायद्याची येथे आठवण होते. गासडी तपासावयास तेव्हा अंमलदार होता. आज एका मण्यातील औषधाचा किलोमागे मिलिग्रॅमचा अंश सांगणारे यंत्र आहे. बागेचा क्रमांक सातासमुद्रापलीकडे ठाऊक असतो. बागेच्या घराचा जमाखर्च तालुक्याच्या गावीही ठाऊक नसतो. महाग्रेप्सच्या सभासद बागायतदारांविषयी रॉय व थोरात ह्यांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर विकणाऱ्यांपेक्षा सभासदांस अधिक लाभ होतो, आणि लहान बागायतदार त्यात मागे पडलेले दिसत नाहीत, असे त्यात आढळले. ही बातमी चांगली आहे, आणि ती तशीच घ्यावी. मात्र कोणत्याही पाहणीत घरे बागायतदारांच्या यादीतून काढली की, ज्याने मागच्या हंगामात बाग तोडून टाकली त्याचे घर यादीत येत नाही. पेठ-सुरगाण्याहून छाटणीस व विरळणीस येणारी टोळी तर कोणाच्याच यादीत नसते. आपल्या धर्मप्रांतातील किती घरांची वर्षाची मजुरी ह्या दोन कामांवर अवलंबून आहे, हे कोणी धर्मगुरूंनी कुटुंबभेटीत विचारून पाहिले तर उपयोगी वही तयार होईल.

सरकारनेही आता हे काम नियमाने हाती घेतले आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००३ सालच्या फेरीत देशातील शेकडा ४८.६ शेतकरी कुटुंबे कर्जात आढळली, महाराष्ट्रात शेकडा ५४.८, आणि शेकडा ४० घरांनी सांगितले की, दुसरे काही मिळाले तर आम्ही शेती सोडू. हा प्रश्न १८७५ च्या कमिशनला सुचला नव्हता. २०१९ च्या फेरीत कर्जदार घरांचा आकडा शेकडा ५०.२ आला. ह्या पाहणीत एकाच घरी वर्षातून दोनदा जातात. द्राक्षाच्या घरी त्याचे कारण सहज पटते. ऑक्टोबरच्या गोडीबार छाटणीनंतर औषधाची उधारी वाढत वाढत जानेवारीस पोचते, आणि माल खुडून, जहाजावर चढून, तिकडे विकून पैसे हाती येईपर्यंत उन्हाळा लागतो. जानेवारीत जो पाहणीदार त्या ओसरीवर बसेल त्यास एक घर दिसेल, आणि जूनमध्ये बसेल त्यास दुसरे.